उपरण्याखालचा आकडा

कौतिकच्या अंगठ्यांची नखे तो स्वतः कापत नसे. दर सोमवारी सकाळी ओसरीवर मांडी घालून तो हात पुढे करी आणि धुरपदाबाई नखुरणी घेऊन ती कापी. नख जरा जास्त गेले तर कापसाचा धागा पकडीत येत नाही, जरा जास्त राहिले तर धागा तुटतो. तेव्हा हे काम नवऱ्याच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. "पोटापान्याची वस्तू शे," ती म्हणे, "तुमना हातमा कशी देऊ?"

पोटापाण्याची वस्तू म्हणजे दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. चिमूटभर रुई घ्यायची, ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची. सात-आठ वेळा असे केले की सगळे धागे एका दिशेने झोपतात आणि रुई काळ्या बाहीवर ठेवून बघितली की तिची लांबी कळते. हे जळगावातल्या कोणत्याही जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कोणीही करून दाखवील. कौतिकचे वेगळेपण असे की तो बाहीकडे बघतच नसे. ओढतानाच सांगे: माल कोणत्या गावचा, काळ्या जमिनीतला की नदीकाठचा, पहिल्या वेचणीचा की तिसऱ्या, आणि गाडीवानाने वाटेत पाणी शिंपडले असल्यास कोणत्या विहिरीजवळ. यातली शेवटची गोष्ट तो गमतीने म्हणे, पण गाडीवान हसत नसत.

चोपड्याच्या पुढे, अनेर नदीच्या बाजूला त्याचे गाव. पाच-सहा बिघे जमीन, ती भाऊबंदांकडे लावून तो जळगावात आला तो एकोणीसशे बारा साली. तेव्हा जळगावात जितकी देवळे होती त्याहून जिनांची धुराडी जास्त होती, आणि कापूस घ्यायला कोण कुठून येई याला धरबंध नव्हता. इंग्रज होते, जर्मन होते, ग्रीक होते. चौदा साली लढाई सुरू झाली आणि जर्मन एका आठवड्यात नाहीसे झाले. त्यांच्या वखारीवर सरकारी लाख लागली, आणि जो माणूस कालपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायला लावत होता तो स्वतः पोलिसांच्या मध्ये चालत स्टेशनावर गेला. कौतिक तेव्हा दुसऱ्या वखारीत होता. त्याने हे पाहिले आणि त्यातून काहीही बोध घेतला नाही. आपण घेतला असता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

लढाई संपताच जपानी आले. मिझुकावा कंपनी त्यांतली मध्यम आकाराची. मूळ पेढी ओसाकाला, कचेरी मुंबईला आणि खरेदीची वखार जळगावात, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. तिच्यावर नेमलेले कुवाबारा साहेब तिशीतले, बुटके, अतिशय स्वच्छ गृहस्थ होते. येताना त्यांनी एक पलंग, एक चहाचा संच आणि कोऱ्या वह्यांची एक पेटी आणली. पलंग आणि चहाचा संच वर्षभरात मोडला. वह्या पुरल्या.

कंपनीची रीत अशी की कागदाशिवाय काही नाही. झाडू आणायचा असला तरी रतिलाल हेडक्लार्क तीन चिठ्ठ्या करी: एक इथे, एक मुंबईला, एक ओसाकाला. ओसाकाला बसून जळगावच्या झाडूची चिठ्ठी वाचणारा माणूस कसा दिसत असेल, याबद्दल वखारीत दुपारच्या वेळी बरेच तर्क चालत. रतिलाल सुरतेकडचा, तोंडाने फटकळ. तो म्हणे, "कौतिकभाऊ, आपण मेलो तरी वरून मंजुरी येईपर्यंत हजेरी लागणार."

अशा या कंपनीला जळगावच्या बाजाराची रीत पहिल्या दिवशी समजली नाही. बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, एकाचे उपरणे दोघांच्या हातांवर पडे, आणि आत बोटे दाबली जात. एक बोट, दोन बोटे, पंजा, मनगट, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. वर तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा. भोवती शंभर माणसे उभी असली तरी आकडा दोघांनाच माहीत. आणि एकदा पंजा दाबून सोडला की सौदा झाला. त्याला चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. हा प्रकार बंद व्हावा असे सरकारी कागदांत अधूनमधून येई. पण उपरण्याखालचा शब्द मोडलेला कौतिकने पाहिला नव्हता. तोंडचा शब्द मोडलेला पाहिला होता, स्टँपावरचा तर कित्येकदा.

कुवाबारा साहेबांना त्याने तो हात शिकवला. त्याला दोन पावसाळे लागले. वखारीच्या मागच्या पडवीत दोघे बसत, मध्ये कौतिकचे उपरणे. साहेब आधी बोटे फार जोरात दाबत.

"साहेब, माणूस शे. गाठ नही बांधायची," कौतिक सांगे.

साहेब हसत, वहीत काहीतरी टिपत आणि पुन्हा हात पुढे करत. मग कौतिकने त्यांना कापूस शिकवला. मग गावे शिकवली. कुठला पाटील बरा, कुठल्या गावात सरकीत माती मिसळतात, कुठे एक माणूस हो म्हणाला की सगळे गाव हो म्हणते. साहेब विचारत, कौतिक सांगे, वही भरे. त्या उभ्या अक्षरांकडे बघून कौतिकला वाटे की आपण बोललेले तिकडे समुद्रापलीकडे कोणीतरी वाचत असेल, आणि हे वाटणे त्याला सुखाचे होते. चौदा वर्षे हे चालले. साहेब तोपर्यंत मराठी बरे बोलू लागले, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येऊन पुरणपोळी खाऊ लागले, आणि कौतिकची लेक कुंदाबाई हिच्या लग्नात तर उपरणे खांद्यावर टाकून वऱ्हाडाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले.

कुंदाबाई दिली होती झुलाल आबाच्या घरी. आबा म्हणजे अनेरकाठचे मोठे शेतकरी, आणि वहीतला तो माणूस, ज्याने हो म्हटले की बावीस गावे हो म्हणत. सोयरीक जमली ती पोरीच्या गुणांनी असे धुरपदाबाई सांगे. आबा मात्र उघड म्हणत, "मी पोर नही लिन्ही, याहीना हात लिन्हा." व्याह्याचा हात कंपनीत, कंपनीचा हात व्याह्याच्या हातात, हा हिशोब त्यांना पटला होता.

तेहतीस सालच्या फाल्गुनात एके दुपारी साहेबांनी कौतिकला आत बोलावले. टेबलावर तारांचा गठ्ठा होता. त्या काळात कापडाच्या जकातीवरून हिंदुस्थान सरकार आणि जपान यांच्यात काहीतरी बिनसल्याचे वर्तमानपत्रांत येत होते. कौतिकला वाचता येई, पण कापडाची भानगड कापसाच्या माणसाने कशाला वाचावी, असे त्याचे मत होते. शेतकऱ्याच्या घरात अर्धा कापूस अजून पडून होता. भाव बरा होता, आणि आठ-दहा दिवसांत गाड्या बाजाराकडे निघणार होत्या.

साहेबांनी दार लावले. म्हणाले, "कौतिकभाऊ, तुमच्या बावीस गावांना सांगा, कापूस आता विकू नका. आखाजीपर्यंत ठेवा. कंपनी घेणार. जास्त भावाने घेणार."

"चिठ्ठी द्या साहेब. दाखवीन."

 साहेब उठले, कौतिकच्या खांद्यावरचे उपरणे त्यांनी स्वतः काढले, दोघांच्या हातांवर टाकले आणि म्हणाले, "कागद नको. हात."

उपरण्याखाली बोटे दाबली गेली. आकडा बाजारापेक्षा बराच वरचा होता. मग पंजा दाबून साहेबांनी सोडला.

कौतिक बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटले ते असे: ज्या कंपनीत झाडूला तीन चिठ्ठ्या लागतात, तिथल्या साहेबाने इतक्या मोठ्या गोष्टीला कागद बाजूला ठेवला आणि आपला हात घेतला. म्हणजे चौदा वर्षांनी का होईना, माणूस आपल्यातला झाला. रतिलालने विचारले, "काय झालं भाऊ?" तर कौतिक नुसता हसला. उपरण्याखालची गोष्ट बाहेर सांगायची नसते.

दुसऱ्या दिवशी तो आबांच्या ओसरीवर होता. वर गप्पा कुंदाबाईच्या तान्ह्या पोराच्या, खाली उपरण्यात तोच आकडा, त्याच बोटांनी. आबांच्या भुवया वर गेल्या.

"याही, इतला?"

"इतला."

"आखाजीले?"

"आखाजीले."

"कोनी सांगं?"

कौतिकने उत्तर म्हणून पंजा दाबला. आबांनी मग तो आकडा शेजारच्या गावच्या पाटलाला दिला, त्याने पुढच्याला. आठवडाभरात एक शब्द न उच्चारता तो बावीस गावांत फिरला. आकडा कोणता होता हे कोणीच कधी तोंडाने बोलले नाही, त्यामुळे इथे तो लिहिता येत नाही.

कापूस घरात राहिला. ओसरीत, माजघरात, देवघरात, माळ्यावर. ज्यांनी एरवी थोडा थोडा विकला असता त्यांनीही ठेवला. पोरे त्याच्यावर उड्या मारू लागली, म्हातारे खोकू लागले. पिसवा झाल्या, उंदीर झाले, घराघरांतून चुली अंगणात आल्या, कारण आत ठिणगी उडाली तर गाव जाईल. तरी लोक खुशीत होते. भर उन्हात घामाने निथळत, कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसलेला माणूस म्हणे, "आते आखाजी!"

आखाजी जवळ आली. खानदेशात या सणाला सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, चार दिवस कोणाला विचारत नाहीत. त्या साली आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या. "घरमा पाय ठेवाले जागा नही," आया म्हणाल्या, "पन यंदा पाटल्या करसूत." पोरी अंगणात झोपल्या आणि पाटल्यांच्या गोष्टी बोलत राहिल्या. कुंदाबाई कौतिककडे जळगावला आली होती, सहा महिन्यांच्या पोराला घेऊन. झोक्यावर बसून तिने बापाला विचारले, "दादा, कंपनीना गाड्या कदी निंघतीन?"

"उद्या इचारस," कौतिक म्हणाला.

त्याने विचारले. साहेब म्हणाले, थोडे थांबा. आठ दिवसांनी विचारले, साहेब मुंबईला होते. पंधरा दिवसांनी विचारले तेव्हा साहेबांच्या खोलीतली खुर्चीसुद्धा नव्हती. रतिलाल एकटा बसून चिठ्ठ्या फाडत होता. इतक्या वर्षांत त्याला कागद फाडताना कोणी पाहिले नव्हते.

"साहेबांची बदली झाली," तो म्हणाला. "ब्राझीलला. तिकडेही कापूस होतो म्हणे. ओसाकाच्या लोकांचं ठरलं, एकाच देशावर अवलंबून राहायचं नाही."

"आणि आपला कापूस?"

"कुठला आपला? तिकडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस बंद केला. इकडे त्यांच्या कापडावर जकात बसवली ना, म्हणून. वखार उद्यापासून बंद."

"साहेबांनी हात देयल शे, रतिलाल."

रतिलालने फाडणे थांबवले. या माणसाला सांगावे की नाही, असा थोडा विचार त्याने केला असावा. मग म्हणाला, "भाऊ, फाल्गुनात आपल्या गोदामात अकरा हजार गाठी होत्या. बंदी येणार हे साहेबांना तारेनं कळलं होतं. त्या गाठी इथल्याच गिरण्यांना खपवायच्या होत्या. त्याच वेळी तुमच्या बावीस गावांचा माल बाजारात उतरला असता तर भाव बसला असता. तो घरात राहायला हवा होता. दीड महिना राहिला. गाठी गेल्या. रेल्वेची शेवटची वाघीण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सुटली." आणि मग, बहुधा धीर देण्यासाठी, "तुमच्यामुळे ओसाकाला फार खूष झाले म्हणे."

कौतिकने आपल्या हाताकडे पाहिले, असे रतिलाल पुढे सांगत असे. रतिलालला नाट्य आवडे. कौतिकच्या म्हणण्याप्रमाणे त्याने काही पाहिले नाही. तो फक्त विचारता झाला, "तिकडे ब्राझीलमा हात देतस का?"

मृगापूर्वी बावीस गावांनी कापूस काढला. बी-बियाण्याला पैसे हवेच होते, आणि घरात पावसाळ्यात कापूस ठेवणे म्हणजे कुजवणे. बावीस गावांच्या गाड्या एकाच आठवड्यात बाजारात आल्या, आणि भावाचे काय झाले हे सांगायला पारखी लागत नाही. उंदरांनी खाल्लेला, पिवळा पडलेला माल कौतिकने बाजारात उभे राहून पाहिला. आबा त्याच्यासमोरून गाडी घेऊन गेले. त्याने हात जोडले. आबांनी गाडी थांबवली.

"याही, तुले किती भेटनं?"

"आबा, माले काहीच नही भेटनं. माले ठाऊकच नव्हतं."

"चौदा साल तू त्यान्हा मांडीले मांडी लाईन बशेल. आनि तुले ठाऊक नव्हतं." आबांनी बैलाच्या पाठीवर कासरा टाकला. "मन्हा हात तुन्हा हातमा व्हता, कौतिक. जपानीना हातमा नव्हता."

त्या दिवसापासून याहीचे 'कौतिक' झाले.

पुढच्या सालचे वर्तमान त्याहून मजेचे आहे. माघाच्या सुमारास दिल्लीत दोन्ही सरकारांचा करार झाला: जपानने हिंदुस्थानचा इतका कापूस घ्यायचा, त्याच्या मापाने हिंदुस्थानने त्यांचे इतके कापड घ्यायचे. म्हणजे कापूस घेतल्याशिवाय कापड जाईना. मिझुकावा कंपनी परत आली. तीच वखार, तीच पाटी, फक्त रंग नवा. नवा साहेब चोविशीचा, आणि बाजारात पहिल्याच दिवशी त्याने दलालाच्या हातावर रुमाल टाकून बोटे अशी अचूक दाबली की दलाल दचकला. पोरगा कुवाबारा साहेबांच्या वह्या वाचून, त्या सोबत घेऊन आला होता.

बाजारात जरा थांबाथांब झाली. मग पहिली गाडी त्याच्याकडे वळली, मग दुसरी. तिसरी आबांची होती. भाव दुसऱ्यांपेक्षा चांगला होता, आणि कंपनी ती कंपनी. तिला तोंड नाही, तिच्यावर राग धरून शेतकऱ्याने माल कोणाला विकायचा? आबांनी नव्या साहेबाच्या रुमालाखाली हात घातला, आकडा घेतला, पंजा दाबला. लांबून कौतिक पाहत होता. त्याला कोणी हात दिला नाही. तो उपरणे घेऊन तिथे दिवसभर बसला आणि दिवसभर उपरणे मांडीवरच राहिले.

त्याला परत घ्यायला कंपनी तयार होती. रतिलाल स्वतः निरोप घेऊन आला, पगार वाढवून. कौतिकने एकच विचारले: फाल्गुनात साहेबाने हात दिला होता, तो कंपनी मानते का? रतिलालने प्रश्न मुंबईला लिहिला. मुंबईने ओसाकाला लिहिले. तीन महिन्यांनी उत्तर आले, त्याच्या नेहमीप्रमाणे तीन प्रती होत्या. कंपनीच्या दप्तरात असा व्यवहार आढळत नाही.

कौतिक गावी परतला. भाऊबंदांकडून जमीन सोडवून घेतली, पावसाळ्यात राबे, सुगीत चोपड्याच्या एका जिनात रुई ओढून प्रत आणि भाव सांगे. पण तोंडाने सांगे, सगळ्यांदेखत. लोक हसत. "कौतिकना आकडा धुळ्याले ऐकू येस," असे म्हणत. नखे धुरपदाबाई अजून कापी. पहिल्या आखाजीला ती कुंदाबाईला आणायला गाडी पाठवायला निघाली, तर आबांकडून निरोप आला की पोर येणार नाही. दुसऱ्या सालीही तेच. तिसऱ्या साली गाडी पाठवलीच नाही. पण झोक्याचा दोर ती दर आखाजीला काढे, उन्हात टाकी आणि परत ठेवी. वाळवी लागू नये म्हणून, असे सांगे. पाच कोसांवर लेक होती, तिची पुढची तीन पोरे कौतिकने पाहिलीच नव्हती. सहा महिन्यांचे होते ते आता गुरांमागे जाई, असे कोणीतरी सांगे.

एक्केचाळीसच्या डिसेंबरात जपान लढाईत पडला. कौतिकच्या आयुष्यात दुसऱ्यांदा एक कंपनी आठवड्यात नाहीशी झाली, पाटीवर लाख लागली, चोविशीचा साहेब आता तिशीचा होऊन पोलिसांच्या मध्ये स्टेशनावर गेला. वखारीत पोलिसांना वह्यांची पेटी सापडली. तिच्यात खानदेशातल्या गावांची नावे, त्यांच्यापुढे आकडे, आणि जागोजागी बोटांची चित्रे. सरकारला जे वाटायचे ते वाटले. वह्या मुंबईला गेल्या, तिथे जपानी जाणणाऱ्या कोणाकडून त्यांचे भाषांतर झाले, आणि फाल्गुनात चोपड्याच्या फौजदाराकडून दोन समन्स निघाले: एक कौतिकला, एक झुलाल आबाला. दोघांची नावे वहीत होती.

नऊ वर्षांनी दोघे एका बाकावर बसले. मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा.

फौजदार पुण्याकडचे, तरुण आणि गंभीर. "ही बोटांची चित्रं म्हणजे काय?"

"भाव, साहेब," कौतिक म्हणाला.

"कशाचा?"

"कापसाचा."

फौजदारांनी कागद उलटला. "इथे म्हटलंय, 'चौदा गावे, ओलावा जास्त, वाटेत पाणी.' हे पुलांबद्दल आहे का?"

"गाडीवान पाणी मारतात साहेब. वजन भराले."

कारकुनाने खाली मान घातली. फौजदार हसले नाहीत. तासभर त्यांनी एकेक ओळ विचारली, आणि तासाभरात ब्रिटिश साम्राज्याला अनेरकाठच्या कापसाची उत्तम माहिती मिळाली. मग ते शेवटच्या पानांवर आले. "इथे माणसांबद्दल आहे. ऐका, आणि खरं-खोटं सांगा." ते वाचू लागले.

"'झुलाल. प्रत चांगली. याने हात दिला की बाकीचे देतात. हा हात फक्त कौतिकला देतो.'"

आबा ताठ बसले.

"'कौतिक. प्रत उत्तम. धागा लांब, भेसळ नाही, ओलावा नाही. बावीस गावे याच्या हातावर चालतात. कागदापेक्षा हातावर याचा विश्वास जास्त. कागद दिला तर पुढे कंपनीला बांधील, हात दिला तर फक्त याला बांधील. बंदीबद्दल याला सांगू नये. कळले तर हा त्याच दिवशी गावात जाऊन सांगेल.'" फौजदारांनी वर पाहिले. "यावर तारीख आहे. तेहतीस साल, मार्च. हे तुम्हीच ना?"

 चौदा वर्षे कौतिकने त्या माणसाला रुई ओढायला शिकवली होती. तो ती शिकला होता. त्याने कौतिकलाच चिमटीत धरून, ओढून, जुळवून, बाहीवर ठेवून लांबी मोजली होती, आणि बरोबर मोजली होती. कौतिकला यात चूक काढायला जागाच नव्हती. त्याने स्वतः मोजले असते तरी याहून वेगळे सांगितले नसते.

"तुम्हीच ना?" फौजदारांनी पुन्हा विचारले.

"हां साहेब. मीच."

"साहेब, तो कागद माले भेटीन का?" कौतिकनेच पुढे विचारले. त्याच्याबद्दल कंपनीने लिहिलेला तो एकच कागद होता.

"नाही. पुरावा आहे."

दोघांना सोडले. बाहेर ऊन होते. आबा काठी टेकत आधी चालू लागले, मग थांबले. कौतिक जवळ येईपर्यंत थांबले, ही नऊ वर्षांतली पहिली वेळ.

"कौतिक, नऊ साल मी तुले चोर समजत व्हतू."

"माले ठाऊक शे आबा."

"तू तं येडा निंघना."

आबांनी काठी जमिनीत रोवली.

"चोर व्हता तवय बरा व्हता रे. वाटे, चला, मन्हा याहीनी मोठा साहेबसंगे मिळीसन आमले लुबाडं, काही तरी कमावं. आते काय सांगू गावले? दोन म्हाताऱ्यास्ले एका जपानीनी वहीमा लिखी ठेवं." आबांनी थुंकी टाकली, धोतराने डोळे पुसले आणि ते धुळीने झाले असे दाखवले. "घर चाल."

त्यांनी कौतिकला आपल्या गाडीत घेतले आणि त्याच्याच घरी आणून सोडले. धुरपदाबाईने पाणी दिले, पण ती दाराआड उभी राहिली; नऊ वर्षांनी व्याही ओसरीवर बसला होता, आणि तो काय बोलणार हे तिला ऐकायचे होते. आबा बराच वेळ पावसाचे, बैलांचे बोलले. बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, मध्ये पसरले आणि त्याखाली हात घातला.

"याही, ये," ते म्हणाले. "यंदा आखाजीले पोर धाडस. पोऱ्यासंगे. चार दिन."

उपरण्याचा उंचवटा कौतिककडे सरकला आणि थांबला. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला. नऊ वर्षे चोपड्याच्या जिनात उघड्यावर आकडे ओरडताना, लोक हसताना, या एका हातासाठी कौतिक थांबला होता. त्याने आपला हात उचलला. उपरण्याच्या काठापर्यंत नेला. तिथून तो पुढे जाईना.

मग तो उठला, आत गेला, आणि फौजदाराचा समन्स, दौत आणि बोरू घेऊन आला. समन्सच्या कोऱ्या बाजूवर त्याने सावकाश लिहिले: कुंदाबाईस आखाजीला चार दिवस माहेरी पाठवू. खाली तारीख घातली. कागद आबांपुढे ठेवला.

"अंगठा, आबा."

आबांचा हात अजून उपरण्याखाली होता. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग व्याह्याकडे, आणि मग हात बाहेर काढला. हळू, जसा चुकून दुसऱ्याच्या ताटाला लागलेला हात काढतात.

"पोरले मायना घर धाडाले कागद?" ते म्हणाले. "हाई तुले त्या जपानीनी शिकाडं का?"

"हां आबा," कौतिक म्हणाला. "बठ्ठं मी त्याले शिकाडं. त्यानी माले येवढंच शिकाडं."

आबांनी शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि उरलेली शाई आपल्याच उपरण्याला पुसली. कौतिकने अंगठ्याचा ठसा उजेडात धरून नीट तपासला, कागदाची घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. दाराआडून धुरपदाबाई माळ्याकडे गेली. झोक्याचा दोर उन्हात टाकायचा होता.